तोकाइदोचे वाटसरू

राजमार्ग राज्यकर्त्यांच्या नावाने ओळखले जातात. त्यांवर झिजलेली पावले अनामिकच राहतात. जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगे (१७९७-१८५८) यांनी या पावलांची आठवण जपली, म्हणून आम्हांला त्यांचे मोल वाटते.

एदो, म्हणजे आजचे टोकियो, आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो हा सुमारे ४९० किलोमीटरांचा मार्ग. वाटेत ५३ मुक्काम. १८३३-३४ च्या सुमारास हिरोशिगे यांनी आरंभ व शेवट धरून ५५ चित्रांची मालिका सिद्ध केली. तीत सरदारांचे लवाजमे आहेत. पण आमची दृष्टी खिळते ती शोनोच्या चढणीवर अवचित पावसाने गाठलेल्या पालखीवाहकांवर आणि कांबाराच्या हिमरात्री वाकून चालणाऱ्या तिघांवर. ओइ नदीवर शासनाने पूल होऊ दिला नव्हता. हमालच प्रवाशांना पैलतीरी वाहून नेत. शिमादाच्या चित्रात ही नदी उंचावरून दिसते, आणि सरदाराचा लवाजमा व त्याला वाहणारे हमाल सारखेच इवलेसे भासतात.

ही चित्रे एकट्याची निर्मिती नव्हती. चित्रकार रेखाटी, दुसरा कारागीर चेरीच्या फळ्यांवर कोरी, तिसरा प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा कागदावर उमटवी. छापील असल्याने ती सामान्यांच्या घरीही पोहोचली. चित्रावर हिरोशिगे यांची सही राहिली. कोरणाऱ्या व छापणाऱ्या बहुतेकांची नावे मात्र काळाच्या उदरात गेली.

अनाम वाटसरूंना अनाम हातांनीच अमर केले. म्हणून सहीपाशी न थांबता आपण त्या रेषांनाही वंदन करावे.