अनुदानाची अट आणि माधवनगरचा नकार

लोकसेवी संस्थेने अनुदानासाठी करावयाचा अर्ज हा एक स्वतंत्र लेखनप्रकार होय. प्रश्नाचे स्वरूप, उद्दिष्ट, कार्यक्रम, अंदाजपत्रक व अपेक्षित फलित अशी त्याची मांडणी रूढ झाली आहे आणि नवशिक्या कार्यकर्त्यास प्रथम तीच शिकविली जाते. तथापि अर्ज मान्य झाल्यावर जो करार पुढे येतो, त्यातील अटी वाचता येणे हे ह्या विद्येचे उत्तरांग आहे. सांगलीलगतच्या माधवनगर येथून चालणाऱ्या ‘संग्राम’ ह्या संस्थेच्या इतिहासात त्याचे प्रत्यंतर सापडते.

अनुदानास अटी असणे नवीन नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खाजगी शाळांना सरकारी साहाय्य देऊ केले, ते काही अटींवर : शिक्षण धर्मनिरपेक्ष असावे, स्थानिक व्यवस्था चोख असावी, अल्प का होईना फी घ्यावी आणि सरकारी तपासणी मान्य करावी. ह्या अटी आचरणाविषयीच्या होत्या. शाळाचालकांनी एखाद्या मताचा लेखी उच्चार करावा, अशी मागणी त्यांत नव्हती.

‘संग्राम’चे कार्य १९९२ मध्ये सांगली परिसरातील वेश्यावस्त्यांत एड्स-प्रतिबंधासाठी सुरू झाले. त्या वस्त्यांतील स्त्रियांनीच आपल्या भगिनींना माहिती व निरोध पुरवावेत, ही त्याची पद्धती होती. ह्याच स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ १९९६ मध्ये स्थापन झाली. ह्या नावाची घटना लक्षणीय आहे. ‘वेश्या’ आणि ‘मुक्ती’ ह्या दोन पदांच्या मध्ये ‘अन्याय’ हे पद उभे आहे. मुक्ती हवी ती अन्यायापासून. व्यवसायापासून मुक्ती, असा अर्थ त्या नावातून निघत नाही. मधले पद गाळले, तर परिषदेचे प्रयोजनच पालटते.

अमेरिकेने २००३ मध्ये एड्स-निवारणाच्या परदेशी साहाय्यासंबंधी कायदा केला. त्यात दोन निराळी कलमे होती. वेश्याव्यवसायाच्या पुरस्कारासाठी हा पैसा वापरू नये, हे पहिले. ते पैशापुरते होते. साहाय्य घेणाऱ्या संस्थेचे धोरण वेश्याव्यवसायास स्पष्ट विरोध करणारे असावे, हे दुसरे. ते संस्थेच्या वाणीवर होते. काही उक्ती ह्या स्वतःच कृती असतात, हा जे. एल. ऑस्टिन ह्यांचा सिद्धान्त येथे अक्षरशः लागू पडतो. त्या कलमाखाली सही करणे म्हणजे ज्या स्त्रियांच्या हातून काम चालले होते, त्यांच्या स्वतःविषयीच्या म्हणण्यास लेखी विरोध करणे होते. २००५ मध्ये ‘संग्राम’ने हे साहाय्य नाकारले. ब्राझीलनेही त्याच वर्षी त्याच अटीपायी सुमारे ४ कोटी डॉलरांवर पाणी सोडले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ही अट तेथील संस्थांच्या बाबतीत भाषणस्वातंत्र्याचा भंग करणारी ठरविली. परंतु २०२० मध्ये, परदेशी संस्थांना ते संरक्षण नाही, असा निर्णय दिला. म्हणजे माधवनगरच्या संस्थेस त्या न्यायालयाचा आधार कधीच मिळणार नव्हता. तिच्या हाती होते ते केवळ कलमाचे अचूक वाचन. पहिले कलम पाळता येते आणि दुसरे उच्चारता येत नाही, हा भेद ज्यास कळला, त्यास अर्ज कोठे थांबवावा हेही कळले.