युद्धखेळातील लघुप्रतिमांचे रूपांतरण व प्रायमर

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत सैनिक, घोडेस्वार, राक्षस, वाहने इत्यादींच्या लहान प्रतिमा वापरल्या जातात. या तयार प्रतिमांचे अवयव, शस्त्रे किंवा पवित्रा बदलून मूळ साच्यात नसलेली नवी प्रतिमा घडविणे म्हणजे रूपांतरण होय; खेळाडूंमध्ये त्यास 'कन्व्हर्जन' म्हणतात. रंगकामापूर्वी प्रतिमेवर रंग धरून ठेवणारा पातळ थर दिला जातो, तो प्रायमर. रूपांतरित प्रतिमेत प्लॅस्टिक, धातू, पुट्टी आणि तार असे परस्परभिन्न पदार्थ एकत्र येत असल्याने या दोन क्रियांचा विचार बहुधा एकत्रच केला जातो.

इतिहास

विल्यम ब्रिटन यांच्या ब्रिटिश कंपनीने 1893 मध्ये पोकळ ओतकामाचे शिशाचे सैनिक बाजारात आणले. एच. जी. वेल्स यांच्या 'लिटल वॉर्स' (1913) या पुस्तकातील खेळ अशाच खेळण्यांवर आधारलेला होता. एअरफिक्स कंपनीने 1959 पासून मऊ पॉलिथिलीनचे स्वस्त सैनिक आणले. ते सहज कापता येत, मात्र त्यांवर रंग टिकत नसे. भाला किंवा पाय जरा वाकला की रंगाचे पापुद्रे निघत. रंगापूर्वी पांढऱ्या गोंदाचा पातळ हात देण्याची युक्ती यातूनच रूढ झाली.

गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीचा 'वॉरहॅमर' हा खेळ 1983 मध्ये व 'वॉरहॅमर 40,000' हा 1987 मध्ये प्रसिद्ध झाला. 1987 मध्येच आलेल्या 30 प्लॅस्टिक 'स्पेस मरीन' सैनिकांच्या संचात हात, डोकी व शस्त्रे सुटी होती. अशा संचांमुळे रूपांतरण हे केवळ निष्णात शिल्पकारांचे काम उरले नाही. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'गोल्डन डेमन' या रंगकाम स्पर्धेत रूपांतरित प्रतिमांना मानाचे स्थान मिळत आले आहे.

पदार्थ आणि चिकटद्रव्ये

जुन्या धातूच्या प्रतिमा कथील व शिशाच्या मिश्रधातूच्या असत. 1990च्या दशकात बहुतेक मोठ्या उत्पादकांनी शिसे वगळले. आज कठीण पॉलिस्टायरीन, शिसेविरहित धातू, रेझिन आणि त्रिमितीय मुद्रणाचे रेझिन हे पदार्थ प्रचलित आहेत. पॉलिस्टायरीनसाठीचे द्रव सिमेंट प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करते. धातू वा रेझिनवर त्याचा काहीही उपयोग होत नाही. तेथे सायनोअॅक्रिलेट, म्हणजे सर्वपरिचित सुपरग्लू, किंवा इपॉक्सी लागते. सुपरग्लूचा सांधा ताण सहन करतो, पण आडव्या धक्क्याने तुटतो. नवशिक्यांच्या धातूच्या प्रतिमांचे हात खेळताना गळून पडण्याचे हे नेहमीचे कारण आहे.

रूपांतरणाची पद्धत

सर्वांत सोपा प्रकार डोके किंवा हात बदलण्याचा. त्यापुढील पायरी पवित्रा बदलण्याची: गुडघा किंवा कोपर बारीक करवतीने कापून नव्या कोनात बसविले जाते आणि फट पुट्टीने भरली जाते. कापलेला अवयव धातूचा किंवा जड असल्यास खिळजोड आवश्यक ठरतो. दोन्ही बाजूंना हाताने फिरवायच्या ड्रिलने सुमारे 1 मिमीचे छिद्र पाडून त्यात पितळी तार बसवतात. दोन्ही छिद्रे समोरासमोर येण्यासाठी एका बाजूच्या छिद्रावर रंगाचा ठिपका ठेवून तुकडे क्षणभर टेकवले जातात व उमटलेल्या खुणेवर दुसरे छिद्र पाडले जाते. ही युक्ती साधी असली तरी ती न वापरल्यास खांदा हमखास सरकतो.

वस्त्रे, केस, कातडे यांसाठी निळ्या व पिवळ्या पट्टीच्या इपॉक्सी पुट्टीचा वापर होतो. दोन्ही रंग मळून हिरवा गोळा तयार होत असल्याने तिला 'ग्रीन स्टफ' हे नाव पडले. पिवळा भाग वाढविल्यास ती मऊ व चिकट राहते, निळा वाढविल्यास अधिक कठीण होते. दोन पट्ट्या जिथे एकमेकींना चिकटून असतात तो भाग आधीच घट्ट झालेला असतो. तो कापून टाकला नाही तर मिश्रणात कण राहतात. हत्यार पाण्याने ओले ठेवावे लागते. ही पुट्टी वाळल्यावरही किंचित लवचीक राहते, म्हणून तिच्यावर कानस नीट चालत नाही. तलवारीची धार किंवा चिलखताचा सपाट पत्रा घडवायचा असल्यास 'मिलिपुट'सारखी दगडासारखी घट्ट होणारी पुट्टी अधिक योग्य.

जुन्या, उत्पादन थांबलेल्या धातूच्या प्रतिमा कापाव्यात की नाही यावर संग्राहक व खेळाडू यांच्यात मतभेद आहेत. करवत एकदा फिरल्यावर मूळ प्रतिमा परत मिळत नाही हा संग्राहकांचा आक्षेप वजनदार आहे.

प्रायमर

प्रायमरपूर्वी साच्याच्या जोडाची रेघ चाकूच्या धारेने खरवडून काढतात व प्रतिमा कोमट साबणाच्या पाण्याने धुतात. रेझिनवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेले तेलकट द्रव्य राहिलेले असते. ते न धुतल्यास रंग थरासकट सोलून निघतो.

फवाऱ्याचा डबा एक-दोन मिनिटे हलवून सुमारे 20 ते 30 सेंमी अंतरावरून थोडक्या झटक्यांत मारला जातो. डबा फार जवळ धरल्यास तपशील बुजतात. फार दूर धरल्यास थेंब हवेतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो. दमट हवेत थरावर धुरकट पांढरी झाक येते. कोकण किनारपट्टीसारख्या ठिकाणी पावसाळ्यात कुंचल्याने किंवा एअरब्रशने लावायचा पाण्यातील अॅक्रिलिक प्रायमर अधिक भरवशाचा ठरतो. फवाऱ्यातील द्रावक थर्मोकोल खाऊन टाकते. त्यापासून बनविलेल्या टेकड्या वा भिंतींवर तो थेट मारता येत नाही.

काळ्या प्रायमरमुळे खोलगट जागा आपोआप सावलीत राहतात, पांढऱ्यावर पिवळा व लाल उठून दिसतात, तर राखाडीवर पुट्टी व प्लॅस्टिक यांच्या सांध्यातील फटी सर्वाधिक स्पष्ट दिसतात. रूपांतरित प्रतिमेसाठी म्हणूनच राखाडीला पसंती दिली जाते. काळ्या थरावर केवळ वरच्या बाजूने पांढरा फवारा मारून प्रकाशाची दिशा आखण्याची पद्धतही लोकप्रिय आहे.

सुरक्षितता

शिशाची प्रतिमा कानसल्यावर हात धुणे व धूळ ओल्या फडक्याने पुसणे आवश्यक असते. रेझिन घासताना पॉलिश पेपर ओला ठेवतात व योग्य मुखपट्टी वापरतात. न वाळलेल्या इपॉक्सीच्या वारंवार स्पर्शाने काहींना त्वचेची कायमची अॅलर्जी जडते.

बिघडलेला थर काढण्यासाठी धातूवर अॅसिटोन चालते. पॉलिस्टायरीन मात्र त्यात विरघळते, त्यामुळे प्लॅस्टिकच्या प्रतिमांसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल व मऊ ब्रश वापरतात. सुपरग्लूने जोडलेले अवयव या प्रक्रियेत सुटू शकतात.