यंत्रावांचून आइस्क्रीम

उन्हाळ्यांत घरीं आंब्याचें आइस्क्रीम करावयाचें ठरलें, कीं पहिला प्रश्न यंत्राचा निघतो. लांकडी बादली, तींत पत्र्याचा उंच डबा आणि बाहेरून फिरवावयाचा दांडा, असें तें यंत्र एके काळीं पुष्कळ घरांत असे. ज्यांच्याकडे नसे ते शेजाऱ्यांकडून मागून आणीत. यंत्रावांचून आइस्क्रीम होत नाहीं, ही समजूत त्यांतूनच रूढ झाली असावी. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. हें यंत्र १८४३ सालीं जन्मास आलें. आणि फळांच्या आइस्क्रीमची कृति त्यापूर्वीं सव्वाशें वर्षें छापून निघालेली होती. मनुष्याला अडचण पडली ती भांड्याची नव्हे, थंडीची. ती थंडी राजवाड्यांतून व श्रीमंतांच्या मेजावरून सामान्य गृहस्थाच्या स्वयंपाकघरांत कशी आली, हाच आइस्क्रीमचा खरा इतिहास होय.

अबुल फज्लच्या ‘ऐन-इ-अकबरी’ या ग्रंथांत पाणी थंड करण्याची रीति दिलेली आहे. कथिलाच्या किंवा रुप्याच्या सुरईंत एक शेर पाणी घालून तिचें तोंड बंद करावयाचें. दुसऱ्या भांड्यांत पांच शेर पाण्यांत अडीच शेर सोरा टाकावयाचा. आणि त्यांत ती सुरई पाव तास हालवीत राहावयाचें. बंदुकीच्या दारूंत जो सोरा आग निर्माण करतो तोच येथें थंडावा देतो, हें ग्रंथकारानें आवर्जून सांगितलें आहे. सोरा विरघळतांना भोंवतालची उष्णता ओढून घेतो, हें त्याचें कारण. परंतु एवढ्यानें पाणी गार होतें, गोठत नाहीं. गोठविण्यास बर्फ लागतो. तो १५८६ च्या सुमारास, दरबार पंजाबांत गेल्यावर, उत्तरेकडील डोंगरांतून येऊं लागला. आणि उमराव मंडळी तो बारा महिने वापरीत.

पण नुसता बर्फही पुरा पडत नाहीं. शुद्ध बर्फ शून्य अंशावर वितळतो. आणि साखर घातलेलें दूध किंवा फळांचा रस गोठावयास शून्याच्याही खालीं जावें लागतें. ही गांठ मिठानें सुटते. मीठ लागलें कीं बर्फ शून्याखालींही वितळूं लागतो आणि त्यासाठीं लागणारी उष्णता शेजारच्या भांड्यांतून खेंचून घेतो. वजनानें तीन भाग बर्फ व एक भाग मीठ, हें मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरूं शकतें. इटलींतील देल्ला पोर्ता या पंडितानें १५८९ सालीं याच जातीची एक युक्ति नमूद केली: हिमांत सोरा मिसळून त्यांत मद्याची कुपी फिरवीत राहिल्यास मद्य गोठतें.

या ज्ञानाची पाककृति झाली ती १७१८ सालीं लंडनमध्यें. अ‍ॅन राणीच्या पदरीं मिठाई करणाऱ्या मेरी ईल्स या बाईंचें पुस्तक त्या सालीं निघालें. त्यांत सांगितलेलें साहित्य अगदीं साधें आहे. कथिलाच्या डब्यांत साय भरावी; ती साधी, गोड केलेली किंवा फळें घातलेली चालते. डबे घट्ट बंद करावे. बादलीच्या तळाशीं गवताचा पेंढा, त्यावर फोडलेला बर्फ व जाडें मीठ यांचे थर, मधोमध डबे, आणि वर पुन्हां पेंढा. अशी बादली अंधाऱ्या तळघरांत चार तास ठेविली कीं काम झालें. दांडा नाहीं, चक्र नाहीं. पण सहा डब्यांस अठरा ते वीस पौंड बर्फ मात्र हवा.

हिंदुस्थानांत हीच विद्या किती स्वतंत्रपणें मुरली होती, याचें वर्णन सर रॉबर्ट बार्कर यानें १७७५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत केलें. अलाहाबादेस हिंवाळ्यांत उघड्या जमिनीवर रुंद व उथळ खड्डे खणीत. त्यांत उंसाचीं वा मक्याचीं वाळलेलीं ताटें पसरून त्यांवर मातीचीं पातळ, बिनझिलईचीं ताटलीं मांडीत. तिन्हीसांजेला त्यांत उकळून निवविलेलें पाणी ओतीत. हवा गोठणबिंदूच्या वर असतांही, निरभ्र व निवांत रात्रीं त्या ताटल्यांत बर्फ धरे आणि सूर्योदयापूर्वीं तो गोळा करीत. पुढें तो लिहितो कीं, साय किंवा सरबत रुप्याच्या शंकूसारख्या पेल्यांत भरून, झांकणें कणकेनें लिंपून, ते पेले बर्फ, सोरा व मीठ यांच्या मिश्रणांत ठेवीत. आजच्या कुलफीवाल्याचें मडकें ज्यानें पाहिलें आहे त्याला ही रीति अनोळखी वाटणार नाहीं.

येथेंच यंत्राचा खरा उपयोगही कळतो. पाण्याचे स्फटिक मोठे झाले कीं आइस्क्रीम दांतांखालीं करकरतें. तें टाळण्याचे मार्ग दोन. एक, मिश्रण गोठत असतां ढवळीत राहणें. दुसरा, पाणीच आधीं कमी करणें. कुलफीवाला दूध आटवून दुसरा मार्ग धरतो. फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन या बाईंनीं १८४३ सालीं पेटंट घेतलें तें पहिल्या मार्गाचें: डब्यांत भोकें पाडलेलीं पातीं व बाहेर दांडा. यंत्रानें थंडी निर्माण केली नाहीं. हाताचे कष्ट तेवढे वांचविले.

थंडी मिळाली ती बर्फाच्या व्यापारानें. १८३३ सालीं बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरचें ‘टस्कनी’ जहाज गोठलेल्या तळ्यांतला बर्फ घेऊन कलकत्त्यास आलें. निघतांना सुमारें १८० टन होता, पोंचला तो सुमारें १०० टन. लवकरच मुंबईसही तो येऊं लागला. १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई यांनीं मेजवानींत आइस्क्रीम दिलें आणि यजमानांसह पाहुण्यांना पडसें झालें, अशी जुनी वार्ता प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कारखान्यांतील बर्फानें तो व्यापार संपविला. बर्फ गाडीवर मिळूं लागला, आणि आमरसाचें आइस्क्रीम मध्यमवर्गाच्या सुटींतला सोहळा झालें.

आज बर्फ घरींच होतो. म्हणून यंत्र नसलेल्या गृहिणीला जुने दोन्ही मार्ग मोकळे आहेत. दूध निम्में आटवून, पूर्ण निवल्यावर त्यांत आंब्याचा घट्ट रस मिसळावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. ऊन दुधांत आंबट रस पडला कीं तें नासतें. अननस कच्चा घातल्यास दुधाला कडवटपणा येतो; तो साखरेंत शिजवून घ्यावा. मिश्रण झांकणाच्या स्टीलच्या डब्यांत घालून, मोठ्या पातेल्यांत बर्फ व जाडें मीठ यांच्या थरांत बसवावें. डबा मधून मधून फिरवावा आणि कडेला धरलेला थर खरवडून मध्यें घ्यावा. खारें पाणी आंत जाणार नाहीं एवढें जपावें. शीतपेटींत ठेवावयाचें असल्यास दर अर्ध्या तासानें तीन-चार वेळां ढवळावें.

बादशहाला ज्यासाठीं डोंगरांतून बर्फ आणवावा लागला, तें आतां मूठभर मिठावर आणि घटकाभर धीरावर येऊन ठेपलें आहे.