क्युरेटिंगनंतरचा रक्तस्राव

गर्भाशयाचे मुख रुंद करून आतले अस्तर खरवडून काढण्याच्या छोट्या शस्त्रक्रियेनंतर योनिमार्गातून काही दिवस होणारा रक्तस्राव. या शस्त्रक्रियेला बोलण्यात ‘क्युरेटिंग’ किंवा ‘पिशवी साफ करणे’ म्हणतात. अपूर्ण गर्भपातात आत राहिलेले अवशेष काढण्यासाठी ती करतात. पाळीत फार अंगावरून जात असेल किंवा पाळी कायमची गेल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवण्यासाठीही ती केली जाते. गुंतागुंत नसल्यास ती थोड्या मिनिटांत आटोपते आणि बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते. गर्भाशयमुख टप्प्याटप्प्याने रुंद करणाऱ्या धातूच्या कांड्या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्फ्रेड हेगार यांच्या नावाने ओळखल्या जातात. गर्भपाताच्या बाबतीत मात्र धारदार क्युरेटने खरवडण्यापेक्षा नळीने ओढून घेण्याची पद्धत सुरक्षित ठरली असून, जागतिक आरोग्य संघटनेने तिचीच शिफारस केली आहे.

अस्तराचे दोन थर असतात. वरचा थर दर पाळीला गळून पडतो, तळचा टिकून राहतो आणि त्यातूनच नवे अस्तर उगवते. खरवडल्याने वरच्या थरातील बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात. त्या बंद करण्याचे बरेचसे काम गर्भाशयाचा स्नायूच करतो. त्याचे तंतू आडवेतिडवे विणलेले असतात. ते आकसले की मधल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. पहिल्या एकदोन दिवसांत ओटीपोटात पाळीसारखी कळ येते ती यामुळेच. गर्भ राहिलेली पिशवी मोठी व रक्ताने भरलेली असल्याने गर्भपातानंतरचा स्राव निव्वळ तपासणीसाठी केलेल्या क्युरेटिंगपेक्षा जास्त असतो. आत एखादा अवशेष राहिला तर स्नायू नीट आकसू शकत नाही आणि रक्त थांबत नाही.

सर्वसाधारणपणे सुरुवातीला पाळीइतके किंवा त्याहून कमी रक्त जाते, मग ते ओसरते, तपकिरी होते आणि नुसते डाग उरतात. हे काही दिवसांत संपते, कधी दोन आठवडे रेंगाळते. मध्येच एखादा दिवस कोरडा जाऊन पुन्हा थोडे रक्त दिसणेही नेहमीचेच. रात्रभर आडवे राहिल्याने रक्त योनीत साचते आणि सकाळी उठून उभे राहताच गुठळीसह एकदम बाहेर येते. बाई घाबरते, पण नंतर स्राव पूर्ववत कमी झाला तर काळजीचे कारण नसते. एखाद्या दिवशी किती रक्त गेले यापेक्षा ते दिवसागणिक उतरते आहे की चढते आहे, हे अधिक सांगून जाते.

या काळात पॅड वापरावे. टॅम्पॉन, योनी आतून धुणे, पोहणे आणि शरीरसंबंध स्राव थांबेपर्यंत किंवा डॉक्टर सांगतील तोवर टाळावेत. अंघोळीला हरकत नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन चालते, ओटीपोट शेकल्यानेही आराम पडतो. भूल दिली असेल तर 24 तास गाडी चालवू नये. बाळंतिणीसारखे सव्वा महिना निजून राहण्याची मात्र गरज नसते. दुसऱ्या दिवसापासून हळूहळू हिंडणेफिरणे बरे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला बेताचा स्रावही जड जातो: उठताना चक्कर येते, जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते. लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या चहासोबत घेऊ नयेत, कारण चहामुळे लोह कमी शोषले जाते.

तासाला दोन मोठे पॅड भिजत असतील आणि हे सलग दोन तास चालले, तर तातडीने रुग्णालयात जावे. ताप 38 अंश सेल्सिअसच्या (100.4 फॅरनहाइट) वर जाणे, दुर्गंधीयुक्त स्राव, वाढत जाणारी पोटदुखी किंवा घेरी येणे हीही धोक्याची लक्षणे आहेत. कारण बहुतेकदा राहिलेले अवशेष किंवा जंतुसंसर्ग असते. क्वचित हत्याराने पिशवीला छिद्र पडलेले असते. सोनोग्राफीने निदानाला मदत होते. काही वेळा पुन्हा पिशवी साफ करावी लागते.

गर्भपातानंतर पाळी बहुधा चार ते सहा आठवड्यांत येते. मात्र बीज त्याआधी, कधी दोन आठवड्यांतच, सुटते. म्हणून पाळी न येताही पुन्हा दिवस राहू शकतात, आणि ही गोष्ट अनेकींना कोणी सांगतच नाही. ज्यांचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आहे, त्यांना गर्भपातानंतर अँटी-डी इंजेक्शन लागेल का, हे 72 तासांच्या आत ठरवावे लागते.

पाळी बरेच दिवस आली नाही किंवा अगदीच तुरळक झाली आणि गर्भ राहिलेला नसेल, तर तळचा थर खरवडला जाऊन पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटल्याची शक्यता असते. जोसेफ अ‍ॅशरमन यांनी 1948 मध्ये या विकाराचे वर्णन केले. दुर्बिणीतून तो दिसतो आणि चिकटलेला भाग सोडवताही येतो.

तुकडा तपासायला गेला असेल तर त्याचा अहवाल आणून डॉक्टरांना दाखवणे आवश्यक असते. रक्त थांबले म्हणून तो फायलीतच राहून जातो, असे बरेचदा घडते. पाळी गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत हे विशेष धोक्याचे आहे, कारण तेथे क्युरेटिंग करण्यामागे कर्करोग आहे की नाही हे पाहण्याचा हेतू असतो आणि स्राव थांबल्याने त्याचे उत्तर मिळत नाही.