‘पोरंबोक’: एका शब्दाने गिळलेली दलदल

चेन्नईच्या सिरुसेरी आयटी पार्कमध्ये आपली बरीच मराठी मुलं नोकरी करतात. ती ज्या रस्त्याने ये-जा करतात, त्याच रस्त्यालगत उत्तरेला पल्लीकरणईची दलदल आहे. पावसाचं पाणी ती धरून ठेवते. उरलेलं पाणी बकिंगहॅम कालव्यातून, सिरुसेरीच्या पूर्वेकडून, कोवलमच्या खाडीत जातं.

महसुली दप्तरात अशा जमिनीला ‘पोरंबोक’ म्हणत. म्हणजे सारा न लागणारी, बहुधा सगळ्यांच्या वापरातली जमीन. पुढे ‘सारा नाही’चा अर्थ ‘उपयोग नाही’ असा झाला. तमिळमध्ये तर हा शब्द शिवीच बनला! मग दलदलीत कचरा डेपो आला, रस्ते आले, इमारती आल्या. २०१५च्या पुरात शेजारच्या वेळचेरीत घरोघरी पाणी शिरलं.

२००७मध्ये ३१७ हेक्टर राखीव वन झालं. २०२२मध्ये सुमारे १,२४७ हेक्टर रामसर यादीत आलं. रोहित पक्ष्यांचं घर आणि माणसांचं घर एकाच पाण्यावर अवलंबून आहे, हे कागदावर यायला इतकी वर्षं लागली.

आपल्या सातबाऱ्यावरही ‘पोटखराबा’ असतो. त्या खराब्यात कोण राहतं, हे एकदा जाऊन बघा.