मनोरा नसलेल्या धावपट्टीवर टक्कर टाळताना

चेन्नई : जे. आर. डी. टाटा यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून विमानाने आणलेले टपाल मुंबईत जुहू येथे उतरले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला पोहोचविले. विमानात रेडिओ नव्हता, वाटेत नियंत्रण मनोराही नव्हता. आकाश इतके मोकळे होते, की दुसऱ्या विमानाची धास्ती फारशी नसावी. आज चेन्नईच्या मीनंबक्कम विमानतळावर प्रत्येक विमान नियंत्रकाच्या अनुमतीनेच उतरते. मात्र जगभरातील असंख्य लहान धावपट्ट्यांवर मनोरा नाही. तेथे दोन विमानांत अंतर राखणे हे सर्वस्वी वैमानिकांचे काम असते.

१२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी आणि कझाक विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. ती दोन्ही विमाने दिल्लीच्या नियंत्रकाच्या संपर्कात होती. त्यानंतर सातच दिवसांनी अमेरिकेतील क्विन्सी येथे, मनोरा नसलेल्या विमानतळावर, उतरणारे प्रवासी विमान आणि छेदणाऱ्या धावपट्टीवरून उड्डाण घेणारे लहान विमान एकमेकांवर आदळले. १४ जण दगावले. उतरणाऱ्या वैमानिकांनी रेडिओवर, "आपण थांबणार आहात काय?" अशा आशयाची विचारणा केली होती. उत्तर आले ते मागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानातून, आणि ते पुढच्या विमानाचेच आहे असा समज झाला.

म्हणूनच रेडिओवर बोलताना विमानाची ओळख, जागा, उंची आणि इरादा स्पष्ट सांगावा लागतो. सुमारे दहा मैलांवरूनच ही घोषणा सुरू करावी, अशी अमेरिकेतील शिफारस आहे. जवळपासच्या अनेक धावपट्ट्या एकच रेडिओ वारंवारता वापरत असल्याने धावपट्टीचे नाव संदेशाच्या आरंभी आणि शेवटीही उच्चारले जाते.

दुसरा आधार म्हणजे ठरलेला मार्ग. वैमानिक त्याला 'सर्किट' म्हणतात. जमिनीपासून साधारण १,००० फुटांवर, धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने जायचे. मग दोन डावी वळणे घेऊन धावपट्टीसमोर यायचे. सर्वांनी हाच मार्ग धरला तर दुसऱ्याला कोठे शोधायचे हे प्रत्येकास ठाऊक असते. मार्ग मोडला की घात होतो. १८ ऑगस्ट २०२२ रोजी कॅलिफोर्नियातील वॉटसनव्हिल येथे एक सेसना १५२ विमान सर्किटमध्ये फेऱ्या घेत होते. त्याचवेळी एक सेसना ३४० विमान दुरून सरळ रेषेत, उतरण्याच्या नेहमीच्या वेगापेक्षा कितीतरी अधिक वेगाने आले. दोघेही रेडिओवर बोलत होते. तरीही टक्कर झाली आणि तिघांनी प्राण गमावले.

अशा टकरी बहुधा भर दिवसा, स्वच्छ हवेत घडतात, हे वाचकांना नवल वाटेल. १०० नॉट वेगाची दोन विमाने समोरासमोर आली तर त्यांच्यातील अंतर दर सेकंदाला सुमारे १०० मीटरने घटते. धोका ओळखून विमान वळेपर्यंत साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाच्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. तेवढ्यात सव्वा किलोमीटरहून अधिक अंतर संपते. त्यातही काचेवर सरकत जाणारे विमान सहज दिसते. जे एकाच जागी स्थिर दिसून केवळ मोठे होत जाते, ते टकरीच्या मार्गावर असते आणि नेमके तेच नजरेतून सुटते. पंख वर असलेल्या विमानातून वरचे दिसत नाही, पंख खाली असलेल्यातून खालचे. म्हणून वळण्यापूर्वी पंख किंचित उचलून त्या बाजूस पाहण्याची सवय प्रशिक्षणार्थींना लावली जाते.

समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळावे, मार्ग छेदत असतील तर आपल्या उजवीकडील विमानास वाट द्यावी आणि दोन विमाने उतरत असतील तर खालच्यास अग्रक्रम असावा, असे आंतरराष्ट्रीय नियम आहेत.

चरखी दादरीनंतर भारतात मोठ्या विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली. प्रशिक्षणाच्या लहान विमानांत ती सहसा नसते. असली तरी, समोरच्या विमानात ट्रान्सपॉन्डर नसेल किंवा तो बंद असेल, तर पडद्यावर त्याचा ठिपकाही उमटत नाही.