वळिवड्याच्या कॅम्पात पाणी कुणी भरलं?



लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला गेली नाही अशी बाई कोल्हापूरच्या आसपास शोधून सापडायची नाही. एका दुकानात साड्यांचा ढीग उपसायचा, दुसऱ्या दुकानात भाव पाडून मागायचा, मग पहिल्याच दुकानात परत यायचं. आम्हीही हेच केलं. पण ज्या जमिनीवर आपण हे करतो, तिथे ऐंशी वर्षांपूर्वी पोलंड देशातल्या बायका चुली मांडून राहत होत्या, हे आमच्या गटातल्या निम्म्याजणींना माहीतच नव्हतं. आजचं बोलणं त्याबद्दल आहे. आणि आमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दलही आहे.

कोल्हापूरहून मिरजेकडे जाणाऱ्या रेल्वेवर वळिवडे नावाचं स्टेशन आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४३ साली, या गावाजवळ एक वसाहत उभी राहिली. जुनी माणसं तिला नुसतं ‘कॅम्प’ म्हणायची. तिथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. तरणे पुरुष लढाईवर होते, नाहीतर गेलेले होते, नाहीतर कुठे आहेत त्याचा पत्ता नव्हता.

ही माणसं आली कशी ते थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया चालून आला. १९४० च्या फेब्रुवारीपासून पूर्व पोलंडमधली कुटुंबं रशियाने उचलायला सुरुवात केली. रात्री दार वाजायचं, हाताला लागेल ते बांधायला थोडा वेळ मिळायचा, आणि मालगाडीच्या वाघिणीत भरून सैबेरिया किंवा कझाकस्तानात रवानगी. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये ज्यांना नेलं ती तर बहुतेक अशी बायकापोरं होती, की ज्यांच्या घरचा पुरुष आधीच अटकेत होता. १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा या लोकांची सुटका झाली. जनरल अँडर्स यांनी त्यांच्यातून सैन्य उभं केलं. १९४२ मध्ये ते सैन्य कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात आलं आणि त्याच्या मागोमाग हजारो बायका-मुलं आली. थंडीने, भुकेने, टायफसने वाटेत किती गेली त्याची गणती नाही. उरलेल्यांना ठेवायचं कुठे? कुणाला आफ्रिकेत पाठवलं, कुणाला न्यूझीलंडला, कुणाला मेक्सिकोला. काही आपल्याकडे आली. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला शेकडो पोरक्या मुलांना आसरा दिला, ती गोष्ट बरीच ऐकलेली असते. सगळ्यात मोठी वसाहत मात्र आपल्या वळिवड्याची होती. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली, तेव्हा तिथली मुलंसुद्धा इथेच आणली.

आता त्या वसाहतीचं रूप डोळ्यांसमोर आणा. लांबच लांब बराकी, त्यांचे खण पाडून एकेका कुटुंबाला दिलेले. चर्च, दवाखाना, लहान मुलांपासून थोरल्यांपर्यंतच्या शाळा, पोरक्या मुलांसाठी अनाथालय, नाटकाची हौस भागवणारी मंडळी, स्काउटची पथकं. कुटुंबाला ठरलेला भत्ता मिळायचा आणि बाया आपापला स्वयंपाक करायच्या. आमच्या मते हीच त्या कॅम्पातली सगळ्यात मोठी गोष्ट. रांगेत ताट घेऊन उभं राहणं वेगळं आणि स्वतःच्या चुलीवर स्वतःच्या चवीचं शिजवणं वेगळं. जिने दोन-तीन वर्षं दुसऱ्याच्या हुकमावर खाल्लं, तिला चूल परत मिळाली.

हे चाललं कुणाच्या जिवावर? पुस्तकात पाहिलं तर ठरलेली नावं सापडतात. लंडनमध्ये बसलेल्या पोलंडच्या निर्वासित सरकारने खर्चाचा मोठा भार उचलला. इंग्रज सरकारने अधिकारी दिले. कोल्हापूर संस्थानात जागा मिळाली; गादीवर तेव्हा तान्हा राजा होता आणि कारभार रीजन्सी कौन्सिलकडे होता. किरा बानासिंस्का हे नाव तर आपण लक्षात ठेवावंच. मुंबईतल्या पोलिश वाणिज्यदूतांच्या त्या पत्नी. भारतात पोलिश रेडक्रॉसचं काम त्यांनी सांभाळलं, या निर्वासितांसाठी धावाधाव केली आणि युद्ध संपल्यावरही त्या भारतातच राहिल्या.

कॅम्पाच्या आतलं काम पोलिश बायकांनीच ओढलं. शिक्षिका त्याच, नर्स त्याच, अनाथालयात रात्री रडणाऱ्या पोरांजवळ बसणाऱ्याही त्याच. ज्यांचा स्वतःचा संसार मोडला होता त्या दुसऱ्यांच्या मुलांचे पाढे घेत होत्या. १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधल्या त्या पोलिश सरकारची मान्यताच काढून घेतली. म्हणजे ज्या सरकारच्या भरवशावर कॅम्प उभा राहिला त्यालाच कुणी विचारेना. तरी सकाळची शाळा काही बंद पडली नाही.

इथवर पुस्तकात मिळतं. पुढचा हिशेब आपण बायकांनीच करायचा, कारण तो आपल्यालाच येतो.

पाच हजार माणसं. माणशी रोज दोन बादल्या पाणी धरलं तरी दहा हजार बादल्या झाल्या. पाच हजारांचं दूध, भाजी, पीठ, मीठ. प्रत्येक चुलीला कोळसा नाहीतर लाकूडफाटा. धुणं. झाडलोट. आजाऱ्याला गावात न्यायला टांगा. आणि संडास. त्या काळी आपल्या गावागावांतून संडास साफ होत ते माणसांच्या हातांनी, आणि ते हात कुठल्या वस्तीतले असत ते तुम्हाला सांगायला नको. हे सगळं आकाशातून पडलं नाही. वळिवडे, चिंचवाड, उचगाव, कोल्हापूर, इथल्याच कुणाच्या तरी डोक्यावरून, खांद्यावरून ते गेलं असणार.

आणि साल कुठलं, तर १९४३. बंगालात त्या वर्षी लाखो माणसं अन्नावाचून मेली. आपल्याकडेही युद्धाची महागाई होती, धान्याची ओढाताण होती. अशा दिवसांत परक्या मुलखातली पाच हजार तोंडं शेजारी येऊन बसली.

इथे एक गोष्ट खरी बोलली पाहिजे. हे सगळं धर्मादाय नव्हतं. भत्त्याचा पैसा बाजारात येत होता. कॅम्पात माल विकायला येणारे दुकानदार कामापुरतं पोलिश बोलायला शिकले, ते काही नुसत्या प्रेमापोटी नव्हे; गिऱ्हाईक मिळावं म्हणून शिकले. त्यात कमीपणा कसला? भाजीवालीने भाजी विकली, बाईने पैसे मोजले, दोघींचं घर चाललं. पण दारात आलेल्या परक्या बाईशी तिच्या भाषेत दोन शब्द बोलणं, हे पैशात कुठे धरलेलं असतं? आपल्या गटाच्या वहीत तरी त्याला रकाना नाही.

पोलिश भाषेत आभार मानायला ‘जेन्कुये’ म्हणतात. आपल्याकडे घरात कुणी धन्यवाद म्हणत नाही, म्हटलं तर समोरची विचारते, ‘आज काय झालं गं तुला?’ आपली रीत निराळी. शेजारणीने वाटीभर कालवण दिलं तर वाटी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची.

पोलिश माणसांनी वाटी रिकामी ठेवली नाही, हे मान्य करायला हवं. १९४८ पर्यंत ती इथून गेली. बरीचशी इंग्लंडला, काही आणखी दूर. एका मुलीने मराठी मुलाशी लग्न केलं आणि ती कोल्हापूरचीच झाली. इंग्लंडात गेलेल्यांनी ‘भारतात राहिलेल्या पोलिश लोकांचा’ संघ काढला, म्हातारपणापर्यंत भेटत राहिले, आठवणींचं जाड पुस्तक केलं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ साली त्यांनी स्मृतिस्तंभ उभारला. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली. जामसाहेबांच्या नावाचा तर तिथे चौकच आहे.

सप्टेंबर २०१९ मध्ये त्या कॅम्पात लहानाची मोठी झालेली काही वयोवृद्ध माणसं वळिवड्याला परत आली. ज्या मातीत खेळली ती बघायला, इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून. ते दिवस आमच्या चांगले लक्षात आहेत, कारण त्याच्या महिनाभर आधी आम्ही स्वतः निर्वासित होतो.

ऑगस्टमध्ये पंचगंगेला आणि कृष्णेला महापूर आला. आमच्या गटातल्या अकराजणी पोराबाळांना घेऊन एका शाळेच्या खोल्यांत राहायला गेलो. एका वर्गात चार कुटुंबं. अंगावरचं एक आणि पिशवीत एक एवढेच कपडे. पहिल्या दिवशी रांगेत ताट धरून उभं राहताना आमच्यातल्या एकीला रडू फुटलं. जेवण चांगलं होतं हो, पण दहा एकर ऊस असलेल्या घरची ती. चूल नसणं म्हणजे काय, ते त्या दिवशी कळलं.

तिथे तिन्ही त्रिकाळ शिजवत होत्या शाळेचा पोषण आहार करणाऱ्या दोघी. एरवी पोरांची खिचडी करायच्या, त्या पहाटे चारला उठून तीनशे माणसांचं करायला लागल्या. त्यांची स्वतःची घरंही पाण्यात होती. संडासात पाणी नव्हतं. ते डोक्यावरून आणून टाकणारी आणखी एक होती.

पूर ओसरला. गटाने सत्कार ठेवला. डॉक्टर, बोट चालवणारे, मदतीच्या गाड्या घेऊन आलेले कार्यकर्ते, सगळ्यांना शाल, नारळ, गुलाबाचं फूल. फोटो काढले. भाषणं झाली. त्या दोघी त्या वेळी मागच्या खोलीत पाहुण्यांचा चहा करत होत्या. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. घरी आल्यावर एकीची सून म्हणाली, ‘आत्या, तुम्ही ज्यांच्या हातचं नऊ दिवस खाल्लं त्यांना नारळ दिला का?’

दुसऱ्या दिवशी ओशाळून शाली घेऊन गेलो. थोरलीने शाल बाजूला ठेवली आणि म्हणाली, ‘बायांनो, शाल असू दे. चार महिन्यांचं मानधन अडकलंय, त्याचा अर्ज लिहून देता का?’ अर्ज लिहिला. तिच्याबरोबर कचेरीत गेलो, एकदा नव्हे, तीनदा. मानधन निघालं. पाणी आणणारी मात्र पूर उतरल्यावर माहेरी गेली होती. तिला आम्ही अजून भेटलेलो नाही. तिचं नाव त्या नऊ दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं.

हे झाल्यावर आम्ही महावीर उद्यानात मुद्दाम तो स्तंभ बघायला गेलो. त्यावर आभार आहेत, मनापासूनचे आहेत. पण पाणी भरणारीचं नाव त्यावर कसं असेल? नाव पोलिश बाईंनाही माहीत नसेल, आणि आपण गावाने तरी कुठे लिहून ठेवलं? दोष पाहुण्यांना देता येत नाही.

त्या बराकींचं पुढे काय झालं, तेही ऐका. पोलिश लोक निघाले आणि फाळणीत घरदार सोडून आलेले सिंधी लोक तिथे राहायला आले. एका निर्वासिताने सोडलेल्या खोलीत दुसऱ्या निर्वासिताने पथारी टाकली. वसाहतीचं नाव गांधीनगर पडलं. सिंध्यांनी कापडाचा धंदा मांडला, आणि आज आपण तिथे बस्ता बांधतो. पुन्हा नव्याने कुणीतरी त्यांना पाणी दाखवलं असेल, उधार दिलं असेल, दूध घातलं असेल. तीही नावं तशीच राहून गेली.

म्हणून आम्ही एक काम काढलंय आणि त्यात तुमची मदत हवी आहे. कॅम्प बंद झाला तेव्हा जी दहा वर्षांची होती ती आज ऐंशी-पंचाऐंशीच्या पुढची आहे. वळिवडे, उचगाव, चिंचवाड भागात तुमचं माहेर किंवा सासर असेल, तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. आपल्या घरातलं कुणी कॅम्पात कामाला जात होतं का? काय काम? मजुरी किती? ‘गोऱ्या बायका’ म्हणून काही आठवण सांगतात का? सिंधी मंडळी नवी आली तेव्हा पहिल्यांदा दूध कुणी घातलं? गांधीनगरला खरेदीला गेलात, तर तिथल्या जुन्या दुकानात आजी-आजोबा बसलेले असतील, त्यांनाही विचारा. भाव करून झाल्यावर विचारा, आधी विचारलंत तर भाव वाढेल!

आम्ही रेकॉर्डर घेऊन येऊ. नाव माहीत असेल तर पूर्ण सांगा, गावासकट. ‘अमक्याची आई’ एवढंच आठवत असेल तर तेवढं सांगा, तेही लिहून घेऊ.